‘द नोव्हेंबर मॅन’: ब्रॉस्ननचा बॉन्ड डोक्यात ठेवून बघावा का?

गिरगावकर:
पिअर्स ब्रॉस्ननचे चारही बॉन्डपट, ‘गोल्डनआय’ (1995) ते ‘डाय अनदर डे’ (2002), पाठ आहेत. आता ‘द नोव्हेंबर मॅन’ (2014) लावायचा विचार आहे. हेर, पिस्तूल, गाड्या, वर ओल्गा कुरिलेन्को, म्हणजे मालमसाला तोच दिसतोय. अ‍ॅक्शन त्या तोडीची आहे का? मूळ कादंबरी आधी वाचावी लागेल का? शाळकरी मुलांना सोबत बसवलं तर चालेल? कृपया कथा फोडू नका.

पडद्यामागे:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मुलांना बसवू नका. ब्रॉस्ननचे बॉन्डपट अमेरिकेत ‘पीजी-13’ होते (तेराखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र), हा ‘आर’ आहे (सतराखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश). रक्त आणि शिव्या तर आहेतच, पण लैंगिक अत्याचाराचा धागा थेट कथेच्या गाभ्यात आहे.

अ‍ॅक्शनचं गणित पैशात बघा. ‘डाय अनदर डे’चा खर्च 14 कोटी डॉलरच्या आसपास, याचा साधारण दीड ते दोन कोटी. त्यामुळे गॅजेट्स नाहीत, खलनायकाचा बर्फातला महाल नाही. बेलग्रेडचे रस्ते, गाड्यांची धडक, जिने, फ्लॅट आणि पिस्तुलं, एवढ्यावर भागवलंय. शूटिंगच्या वेळी ब्रॉस्नन साठीचा होता. या वयाच्या नटाला घेऊन अ‍ॅक्शन करताना सहसा पळापळ लांबून किंवा पाठमोरी घेतात, म्हणजे डबल (नटाच्या जागी दुसरा माणूस) वापरता येतो. चेहरा दाखवायचा तो आडोशाला थांबल्यावर किंवा स्टिअरिंगमागे. हे एकदा ओळखलं की सांधे दिसायला लागतात, पण इथे ते फार खुपत नाहीत. त्याने केलेला हेर, डेव्हेरो, पळण्यापेक्षा समोरच्याच्या आधी विचार करून जिंकतो.

खवचट_खान:
कुरिलेन्कोवरून बॉन्डची आशा धरू नका. ती ‘क्वांटम ऑफ सोलेस’मध्ये (2008) होती, म्हणजे डॅनिअल क्रेगच्या काळात. ब्रॉस्ननसोबत तिचा एकही बॉन्डपट नाही. लोक हमखास घोळ घालतात.

मोजायचंच तर दिग्दर्शकावरून मोजा. रॉजर डोनाल्डसनचा ‘नो वे आऊट’ (1987) आठवा. आपल्याच संस्थेतली माणसं आपल्यावर उलटतात, हा त्याचा जुना आवडता खेळ इथेही आहे. ब्रॉस्ननसोबत त्याने आधी ‘डान्टेज पीक’ (1997) केला होता.

माझ्या मते सिनेमा घसरतो तो अ‍ॅक्शनमुळे नाही, पटकथेमुळे. गुरू आणि त्यानेच घडवलेला चेला (ल्यूक ब्रेसी) समोरासमोर येतात, हा भाग धारदार आहे. पण चेचन्या, रशियाची अध्यक्षपदाची शर्यत आणि सीआयएमधलं कारस्थान वाढत जातं, आणि उत्तरार्धात ही जोडीच मागे पडते. पहिल्या अर्ध्या तासात हॅनली, वाइनस्टाइन, फेदेरोव आणि मीरा ही चार नावं पक्की करा. तेवढ्यात फोन बघितलात तर पुढे कोण कुणाच्या बाजूचा, काही कळणार नाही.

जुनीपानं:
कादंबरीची गरज नाही. आधार बिल ग्रेंजरच्या मालिकेतल्या सातव्या पुस्तकाचा, ‘देअर आर नो स्पाइज’ (1987) चा. नाव मात्र 1979 च्या पहिल्या पुस्तकाचं. नावावरून पहिलं पुस्तक मागवाल तर भलतीच कथा हाती येईल. सातवं पुस्तक शीतयुद्धाच्या काळातलं आहे, त्यामुळे सिनेमात राजकारण बदलावंच लागलंय.

पुढचा भाग शोधत बसू नका. प्रदर्शनाआधीच त्याची घोषणा झाली होती, पण तो बनलाच नाही. अमेरिकेत सिनेमाचं वितरण करणारी रिलेटिव्हिटी मीडिया 2015 मध्ये दिवाळखोरीत गेली.

गिरगावकर:
म्हणजे देखणा, मिश्कील ब्रॉस्नन हवा असेल तर हा नव्हे?

पडद्यामागे:
नव्हे. हा माणूस गरज पडली तर निरपराध माणसालाही वेठीला धरतो. मध्यावर चेल्याच्या घरातला एक प्रसंग आहे, बॉन्डच्या हातून असलं कृत्य कुठलाच निर्माता करवून घेणार नाही. ब्रॉस्नन तिथे खरा चमकतो.

खवचट_खान:
तो प्रसंग जमेस धरूनही मी आधी ‘द टेलर ऑफ पनामा’ (2001) लावेन. बॉन्ड असतानाच त्याने त्यात एमआय6 चा (ब्रिटिश गुप्तहेर संस्थेचा) लबाड, लंपट हेर केलाय. अ‍ॅक्शन जवळपास शून्य, पण त्यानंतर डेव्हेरो बघाल तेव्हा तुलना बॉन्डशी होणार नाही. मिश्कीलपणाच हवा असेल तर ‘द मॅटाडोर’ (2005). तोही मुलांना झोपवून.