मॉर्मन स्त्रिया आणि 'प्रीस्टहूड' : पौरोहित्य, याजकपद की दीक्षा?

विचारणा : मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या, ख्रिस्ताला मानणाऱ्या पंथातील काही स्त्रिया 'प्रीस्टहूड' (धर्मविधी करण्याचे पद) मिळावे अशी मागणी करतात. त्याविषयी मराठीत लिहिताना 'पौरोहित्य' आणि 'ऑर्डिनेशन'साठी (त्या पदावर नेमण्याच्या विधीसाठी) 'दीक्षा' हे शब्द योग्य ठरतील का?

प्रतिसाद : 'पौरोहित्य' टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा शब्द वाचताच आपल्यासमोर मंत्र शिकून लग्नमुंजी लावणारी व्यक्ती उभी राहते, आणि पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांनाही ते शिक्षण दिलेले असल्यामुळे हा प्रश्न केवळ प्रशिक्षणाचा व समाजमान्यतेचा आहे, असा समज होतो. सॉल्ट लेक सिटीत मुख्यालय असलेल्या मॉर्मन चर्चमध्ये मात्र हे शिकून घेण्याचे काम नाही आणि उपजीविकाही नाही. मुलगा ज्या वर्षी १२ वर्षांचा होतो त्या वर्षापासून त्याच्या मस्तकावर हात ठेवून अहरोनाचे (कनिष्ठ), आणि १८ व्या वर्षानंतर मलकीसदेकाचे (वरिष्ठ) पद दिले जाते; ही नावे बायबलमधील याजकांची आहेत. म्हणजे बहुतेक सर्व क्रियाशील पुरुष याजक असतात आणि स्त्री एकही नसते. म्हणून मराठी बायबलमुळे रुळलेला 'याजकपद' हाच शब्द घ्यावा.

'दीक्षा' घेणारा पंथात प्रवेश करतो. या स्त्रिया तर बाप्तिस्मा झालेल्या सभासदच आहेत. 'हस्तार्पणाने नियुक्ती' म्हणणे अधिक नेमके होईल, कारण वादाचे मूळ याच क्रियेच्या अर्थात आहे. १७ मार्च १८४२ रोजी इलिनॉयमधील नॉवू येथे रिलीफ सोसायटी ही स्त्रियांची संस्था स्थापन झाली. त्या सभेच्या इतिवृत्तात अध्यक्ष एमा स्मिथ (पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या पत्नी) यांच्या सहायिकांच्या मस्तकावर चर्चचे एक नेते जॉन टेलर यांनी हात ठेवल्याची नोंद असून तेथे क्रियापद 'ऑर्डेन' हेच आहे. पुढे १८८० मध्ये त्याच टेलर यांनी खुलासा केला की, त्या विधीने याजकपद दिले गेले नव्हते. १८४२ च्याच एप्रिलमध्ये जोसेफ स्मिथ यांनी स्त्रियांना (अधिकाराची) किल्ली 'तुमच्याकडे' फिरवतो असे म्हटल्याचे इतिवृत्त सांगते. चर्चच्या नंतरच्या छापील इतिहासात तेथे 'तुमच्या वतीने' असे झाले. माझ्या मते हा बदल किरकोळ नव्हे. स्त्रियांना पद पूर्वी देऊ केले होते असे मानणारे आणि केवळ सेवेसाठी वेगळे केले होते असे मानणारे, दोघेही याच ओळींपाशी येऊन थांबतात.

दुसरा प्रतिसाद : 'याजकपद' मान्य आहे, परंतु ते एकट्याने पुरणार नाही. २०१३ मध्ये केट केली यांनी 'ऑर्डेन विमेन' ही चळवळ सुरू केली आणि जून २०१४ मध्ये त्यांना चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चर्चचे तेव्हाचे एक प्रेषित (सर्वोच्च नेत्यांपैकी एक) डॅलिन ओक्स यांनी मांडले की, नेमून दिलेली सेवा करणारी स्त्री याजकीय अधिकारानेच ती करते, मात्र तिला याजकपद नसते. मंदिरांत स्त्रियांसाठीचे काही विधी स्त्रियाच करतात, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. तेव्हा पद आणि अधिकार या दोन गोष्टी मराठीत वेगळ्या दिसल्या नाहीत, तर अधिकृत भूमिकाच वाचकाला कळणार नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेच्या २०११ च्या सर्वेक्षणात सुमारे ९० टक्के मॉर्मन स्त्रियांनी या मागणीला विरोध दर्शवला होता. त्यांना 'अधिकारवंचित' म्हणणे त्यांच्या स्वतःच्या समजुतीला धरून नाही.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर : सूचना योग्य आहे, 'याजकपद' आणि 'याजकीय अधिकार' असे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवावेत. तरीही पदाशिवायच्या अधिकाराने स्त्रीला स्थानिक मंडळीचे प्रमुख, म्हणजे बिशप, होता येत नाही, हे त्याच लेखात स्वच्छ लिहिले पाहिजे. मागणीचे समर्थक १९७८ चा दाखलाही देतात : तोवर कृष्णवर्णीय पुरुषांना नाकारलेले याजकपद त्या वर्षी ईश्वरी प्रकटीकरणाच्या आधारे खुले झाले. जोसेफ स्मिथ यांचाच वारसा सांगणाऱ्या, मिसुरीतील इंडिपेंडन्स येथे मुख्यालय असलेल्या चर्चमध्ये (आजची 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट') १९८४ च्या प्रकटीकरणानंतर १९८५ मध्ये स्त्रियांची याजकपदावर नियुक्ती झाली आणि त्यावरून अनेक सभासद वेगळेही झाले. या दुसऱ्या चर्चबद्दल लिहिताना 'स्त्री-याजक' हा शब्द निःशंक वापरता येईल.