साडेचार वर्षांच्या लेकीला आत्याकडे एकटीला रात्री राहू द्यावं का?

चिमणीची आई:
नणंद तळेगावला असते. तिची लेक सात वर्षांची, माझी साडेचार. परवा वाढदिवसाला दोघींनी परस्पर ठरवून टाकलं, 'शनिवारी मी ताईकडे झोपणार.' नवरा म्हणतो, जाऊ दे, आत्याचंच घर आहे. मला धीर होत नाही. अजून माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय ती झोपत नाही. आम्ही कोथरूडला. रात्री दोनला रडायला लागली तर?

सातारची आजी:
खुशाल पाठव. आम्ही अख्खा मे महिना मामाकडे काढायचो. दहा-बारा पोरं गच्चीवर एका सतरंजीवर. आता कित्येक घरांत एकच मूल, त्यांना आते-मामे भावंडंच काय ती. रात्री अंधारात कुजबुजून जो जीव जडतो, तो वाढदिवसाला दोन तास भेटून जडत नाही.

दोघांचा बाबा:
आजी, एक विचारू? तेव्हा मामाकडे तुमची आई सोबत नव्हती का? माझी तरी असायची, माहेरपणाला आलेली. भीती वाटली की जिना उतरून तिच्या कुशीत शिरायचो. ते आईशिवाय राहणं नव्हतंच. साडेचार हे वय फार लहान आहे. माझा मुलगा पाचचा असताना मावशीकडे राहिला, रात्री अंथरूण ओलं झालं आणि मावसभाऊ हसला. पुढे दोन वर्षं तो कुणाकडे राहायला तयार नव्हता.

बालवाडीताई:
वाईट वाटलं वाचून. पण पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरही याला आजार म्हणत नाहीत. गादीवर रबरी कापड घालायचं, झोपण्याआधी शू करवून घ्यायची आणि मोठ्या भावंडाला आधीच समजावून ठेवायचं. ते घरातल्या मोठ्यांचं काम होतं. वयाच्या आकड्यावर मी जाणार नाही. आई नसताना ती आत्याच्या हातचं जेवते का? शू लागली तर आत्याला सांगते का? एखादी दुपार तिथे झोपली आहे का? नसेल तर सुरुवात दुपारपासून करा. तुमची वापरलेली, न धुतलेली ओढणी सोबत द्या. रात्री व्हिडिओ कॉल मात्र नको. खेळात रमलेलं मूल आईचा चेहरा दिसला की रडायला लागतं.

दोघांचा बाबा:
कॉलचं पटलं नाही. आपणहून करू नये, हे ठीक. पण मुलीने 'आईशी बोलायचंय' म्हटलं तर फोन लावून द्यायलाच हवा. 'आता झोप, सकाळी बोलू' म्हणणं मला क्रूर वाटतं.

निशिगंध:
त्या रात्री घरात आणखी कोण मुक्कामाला आहे आणि मुली कुठे झोपणार, हे स्पष्ट विचारा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) नोंदल्या जाणाऱ्या प्रकरणांत बहुतेक आरोपी मुलाच्या ओळखीतलेच असतात.

सातारची आजी:
सख्ख्या नणंदेला असले प्रश्न? नाती तुटतील अशाने.

निशिगंध:
आजी, माझ्या जावेने मला हेच विचारलं होतं. मी सांगितलं, माझा भाऊ आलाय, तो हॉलमध्ये झोपेल, मुली माझ्या खोलीत. मला तिचा राग आला नाही. उलट तिच्या जागी मीही विचारलं असतं.

चिमणीची आई:
नणंदेला आत्ताच फोन केला. झोपायचं कसं, हे तिनेच आधी सांगितलं. म्हणाली, "वहिनी, रडली तर बारा वाजोत की दोन, मी गाडी काढून आणून सोडेन." तरी हा शनिवार नाही. रविवारी दुपारी जेवायला आणि झोपायला तिथे सोडते, मग बघू. आजी, ती सतरंजी माझ्या लेकीलाही मिळावी असं मनापासून वाटतं.

दोघांचा बाबा:
मध्यरात्री आणून सोडायची तयारी आहे म्हणता, मग माझा अर्धा विरोध मागे. वय मला अजूनही कमीच वाटतं.