ईश्वर मानणे किंवा न मानणे, हाच धर्म आणि तत्त्वज्ञान यांतला फरक आहे का?

प्रश्न : दर्शन_अभ्यासक
भारतीय दर्शनांचे वाचन मी अलीकडेच सुरू केले आहे. धर्मात ईश्वरावरची श्रद्धा असते आणि तत्त्वज्ञानात तर्क असतो, अशी विभागणी मी आजवर धरून चाललो होतो. मात्र सांख्यकारिकेला, म्हणजे सांख्य दर्शनाच्या प्रमुख ग्रंथाला, जगाची उत्पत्ती सांगताना ईश्वर लागत नाही, जैन आणि बौद्ध परंपराही सृष्टिकर्ता मानत नाहीत, आणि तरीही सांख्याची गणना आपण केवळ दर्शनांत करतो, तर जैन आणि बौद्ध हे धर्मही मानतो. मग हा फरक नेमका कशावर उभा आहे?

प्रतिसाद : मीमांसाप्रेमी
ईश्वराची कसोटी दोन्ही बाजूंनी अपुरी पडते. न्याय या तर्कप्रधान दर्शनातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराचे अस्तित्व एकामागून एक अनुमाने मांडून सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, पण तेवढ्याने न्यायदर्शन हा धर्म ठरला नाही. याउलट पूर्वमीमांसा पाहा. यज्ञकर्माचा इतका बारकाईने विचार करणारे दुसरे शास्त्र नाही, आणि तरीही तिचे भाष्यकार शबरस्वामी आपल्या भाष्यात म्हणतात की देवतेला शरीर नाही, ती आहुती खात नाही आणि प्रसन्न होऊन फळही देत नाही; फळ मिळते ते कर्मातून निर्माण होणाऱ्या ‘अपूर्वा’मुळे, म्हणजे एका अदृश्य शक्तीमुळे. याच परंपरेतल्या कुमारिलांनी तर सृष्टिकर्त्याची कल्पनाच खोडून काढली. म्हणजे देवाला बाजूला सारूनही धर्माचरण अबाधित राहू शकते, ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीच मांडली गेली आहे, आणि तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही याची मला खंत वाटते.

माझ्या मते, एखादे मत सोडल्यावर माणसाच्या जगण्यातले काय काय सुटते, हे पाहावे. कार्य हे कारणात आधीच असते, हा सांख्यांचा सत्कार्यवाद पटेनासा झाला म्हणून कोणी न्यायमताकडे वळला, तरी त्याच्या घरचे विवाह आणि अंत्यविधी बदलत नाहीत, कारण सांख्याचे असे विधी मुळात नाहीतच. जैन माणसापुढे मात्र अनेकान्तवादाबरोबरच (वस्तूला अनेक बाजू असतात, या मताबरोबरच) व्रते, पर्युषण, आहाराचे नियम आणि साधू-साध्वी, श्रावक-श्राविका असा चतुर्विध संघ असतो. त्याने अनेकान्तवाद कधी वाचला नसला तरी तो जैन असतो.

प्रतिसाद : ग्रीक_वाचन
ही कसोटी मला आवडली, तरी ती ग्रीसमध्ये तितकीशी लागू पडत नाही. अथेन्समधल्या एपिक्युरसच्या बागेत त्याचे शिष्य एकत्र राहत, आणि आपल्या मृत्यूनंतरही दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सर्वांनी जमावे, अशी तरतूद त्याने मृत्युपत्रात करून ठेवली होती. समुदाय, गुरूचे स्मरण, जगण्याची शिस्त हे सारे तिथे आहे, आणि तरीही आपण त्याला तत्त्ववेत्ता मानतो. तेव्हा केवळ समुदाय असणे पुरेसे नसावे.

प्रतिसाद : आळंदीकर_वाचक
दोन्ही गोष्टी एकाच परंपरेत, किंबहुना एकाच माणसात कशा नांदतात, हे ज्ञानेश्वरांकडे पाहिल्यावर कळते. अमृतानुभव या ग्रंथात ते अज्ञानवादाचे, म्हणजे जग अज्ञानामुळे भासते या मताचे, खंडन करतात, आणि तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट सांगतात की शिवाने किंवा श्रीकृष्णाने म्हटले एवढ्याच कारणाने आपण हे मानत नाही. त्यांनी सांगितले नसते तरी ते तसेच ठरले असते. कोणाही तत्त्वचिंतकाने हीच भूमिका घ्यावी. त्याच ज्ञानेश्वरांच्या पादुका घेऊन पालखी पंढरपूरला जाते, आणि तिच्याबरोबर चालणाऱ्या वारकऱ्याला गळ्यातली तुळशीची माळ, एकादशी आणि हरिपाठ पुरेसा असतो. अमृतानुभव वाचला आहे का, असे त्याला कोणी विचारत नाही. त्यामुळे परंपरांची धर्म आणि तत्त्वज्ञान अशी वाटणी करण्यापेक्षा, एखादे विधान कशाच्या आधारावर स्वीकारले जाते आणि त्याच्याशी निष्ठा कशी जपली जाते, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेले बरे.

प्रतिसाद : नागपूर_५६
या दोन प्रश्नांची सर्वांत गंभीर मांडणी मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे दिसते. हिंदू म्हणून मरणार नाही, ही येवल्याची घोषणा 1935 सालची, आणि बौद्ध धम्माची दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात. मधली 21 वर्षे त्यांनी विचारात आणि अभ्यासात घालवली. ईश्वर आणि आत्मा यांना धम्मात स्थान नाही, तिथे नीतीच ईश्वराच्या जागी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि म्हणून धम्माला इतर धर्मांच्या पंक्तीत बसवणे त्यांना मान्य नव्हते. इथवर ही तत्त्वचिंतकाची भूमिका झाली. परंतु विचार पटणे पुरेसे असते तर ग्रंथ लिहून काम भागले असते. त्यांनी स्वतः त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आणि लाखो अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या कित्येक प्रतिज्ञा पूजा, श्राद्ध, पिंडदान यांसारख्या रोजच्या आचारांविषयी आहेत, कारण जातीची उतरंड लोकांच्या मतांइतकीच त्यांच्या विधींमध्ये आणि सोयरिकींमध्येही मुरलेली होती, आणि ती केवळ युक्तिवादाने ढळणारी नव्हती. आज बौद्ध कुटुंबांत विवाह लागतो तो त्रिशरण-पंचशील म्हणून, आणि तो लावायला पुरोहित लागत नाही.