घरचा ग्रुप : धाकटीचा ताप आणि वजनकाटा

*धाकटी, ७:१०*
आजचं वजन ६८.९. परवा ६६.८ होतं. दोन दिवसांत २ किलो १०० ग्रॅम वाढ! चार महिने जीव काढून ७६ वरून ७० वर आणलं, तापात आणखी ३.२ उतरलं आणि दोन दिवस जेवले तर हे. आजपासून रात्रीचं जेवण बंद.

*वहिनी, ७:१४*
अगं, परवाच तर आम्ही सगळ्यांनी तुझं अभिनंदन केलं 😟

*आत्या, ७:३२*
काहीही बंद करायचं नाही. आणि ते अभिनंदन वाचून मला तेव्हाच वाईट वाटलं होतं. सहा दिवस ताप आणि जुलाब. पोरगी भिंत धरून बाथरूमला जात होती. घड्याळाचा पट्टा एक भोक आत घेतला तरी मनगटावर फिरत होता. ते काय डाएटचं यश होतं?

गेलं ते बरंचसं पाणी. जुलाबातून, घामातून. शिवाय लिव्हर आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा असतो, सगळा मिळून साधारण अर्धा किलो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे ३ ग्रॅमच्या आसपास पाणी धरलेलं असतं. पोटात अन्न नाही म्हटल्यावर साठा संपतो, त्याच्याबरोबर ते पाणीही जातं. जेवायला लागलं की दोन्ही परत येतात. रिकामी आतडीही भरतात. यात चरबी कुठे आली?

*दादा, ७:४१*
हिशेब मांडून बघितला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. २.१ किलो चरबी चढायला दोन दिवसांत गरजेपेक्षा १६,००० कॅलरी जास्त खायला हव्यात. तू अर्धं ताट संपवत नाहीयेस.
उलटा हिशेबही तसाच. तुझा रोजचा खर्च १,७०० धरू. ताप एक अंश सेल्सिअस चढला की खर्च १० ते १३ टक्के वाढतो, म्हणून दोनेक अंश तापाला २,१०० धरू. सहा दिवस काहीच खाल्लं नसतंस आणि सगळं चरबीतूनच गेलं असतं, तरी दीड किलोच्या थोडं वर. ३.२ नाहीच.

*धाकटी, ७:४६*
पण घोट्यांवर मोज्यांचे वळ उमटतायत. म्हणजे फुगलेच ना मी?

*आत्या, ७:५५*
उपाशी राहून पुन्हा जेवायला लागल्यावर शरीर काही दिवस मीठ आणि पाणी धरून ठेवतं. दोन्ही पायांना थोडी सूज असेल आणि उतरत असेल तर घाबरू नकोस. एकाच पायाला आली, दम लागला किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.

*दादा, ७:५८*
१९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्यांच्याही पायांना सूज आली होती. अंगातलं पाणी वाढलं की काटा खरी झीज दाखवत नाही.

*आत्या, ८:०६*
मला काळजी आहे ती स्नायूंची. तापात शरीर स्नायू मोडून गरज भागवतं आणि अंथरुणावर पडून ते आणखी झिजतात. जिना चढताना मांड्या थरथरतात म्हणालीस ना, ते यामुळेही असतं. आत्ता कमी खाल्लंस तर ते भरून कशातून येणार? प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत, झेपेल तेवढं चालायचं. निदान दोन आठवडे वजन कमी करायचा विचार नको, हे माझं ठाम मत. काटा आईकडे दे.

*मामी, ८:१०*
मला स्टेरॉइड चालू होतं तेव्हा भूक वाढली, चेहरा सुजला, वजनही वाढलं. वजनाच्या भीतीने गोळ्या मनानेच सोडणार होते. डॉक्टरांनी सांगितलं, अचानक सोडणं धोक्याचं, हळूहळू कमी करतात. धाकटे, असं काही चालू असेल तर विचारल्याशिवाय बंद करू नकोस.

*काका, ८:२१*
माझं बरं आहे. काही न करता चार महिन्यांत ७२ चं ६७ झालं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली 🙂

*आत्या, ८:२३*
भाऊ, हे आत्ता सांगताय?

*काका, ८:२४*
अगं, वयाने होतं. भूक जरा कमी झालीय इतकंच.

*आत्या, ८:३१*
वयावर ढकलू नका. ठरवून केलेलं नसताना सहा महिने ते वर्षात ५ टक्के वजन उतरलं तर तपासायचं असतं. तुमचं ७ टक्के गेलंय, तेही चार महिन्यांत. थायरॉइड, साखर, पोटाचं काही, दातांमुळे चावता न येणं, मन उदास असणं, कारण काहीही असू शकतं. धाकटीचं वजन परत आलं म्हणून सगळं घर जागं झालं आणि तुमचं परत येत नाही हे कोणी विचारलंच नाही. माझंही चुकलं.

*दादा, ८:३३*
काका, उद्या सकाळी मी नेतो. रक्त उपाशीपोटी द्यायचं का ते आज फोन करून विचारतो. चालू औषधांची पिशवी तयार ठेवा, सगळी.

*धाकटी, ८:४०*
काटा आईला दिला. काका, मीही येते उद्या तुमच्याबरोबर.

*काका, ८:४४*
बरं. नऊला तयार राहतो.