मधुमेही पायावरील जुन्या जखमेसाठी चांदीचे ड्रेसिंग वापरावे का?

प्रश्न (कोयनाकाठ)

माझ्या वडिलांचे वय ६९ असून त्यांना दीर्घकाळ मधुमेह आहे. त्यांच्या डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाच्या नाण्याएवढी जखम झाली असून ती पावसाळ्याआधीपासून भरून येत नाही. ती दुखत अजिबात नाही, त्यामुळे शेतावरच्या फेऱ्याही चालू आहेत. आम्ही रोज पोव्हिडोन आयोडीनने जखम पुसून कोरड्या गॉजची पट्टी बांधतो. आता एका परिचितांनी चांदीयुक्त जंतुनाशक ड्रेसिंग सुचवले आहे. दुसरे एक जण मध लावा म्हणतात. चांदीच्या ड्रेसिंगने जखम खरोखर भरते का, आणि ते किती काळ वापरावे?

उत्तर (शल्यचिकित्सक, कोल्हापूर)

आपण लिहिलेल्या मजकुरातील ‘दुखत अजिबात नाही’ ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना गेली की माणूस जखमेवरच भार देत चालत राहतो आणि नव्याने तयार होणाऱ्या पेशी दर पावलागणिक चिरडल्या जातात. भार तसाच राहिला, तर वर कोणतेही ड्रेसिंग ठेवून उपयोग होत नाही. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवरील जखमांवरचा भार कमी करण्यासाठी प्लास्टरचा वापर केला, आणि त्याच तत्त्वावरचे, पायाला सर्व बाजूंनी नेमके बसणारे व रुग्णाला स्वतः काढता न येणारे प्लास्टर मधुमेही तळव्याच्या जखमेसाठी आजही सर्वांत भरवशाचे मानले जाते. मात्र त्याआधी पायातील रक्तपुरवठा तपासणे आवश्यक आहे. मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्या कडक झाल्याने तेथील रक्तदाब फसवा, म्हणजे प्रत्यक्षाहून जास्त, येऊ शकतो. म्हणून पायाच्या बोटातील दाबही मोजून घ्यावा. जखम हाडापर्यंत गेली आहे का, हेही सळईने चाचपून आणि एक्स-रे काढून पाहावे लागेल.

ड्रेसिंगविषयी सांगायचे, तर मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये केवळ जखम भरून यावी म्हणून चांदी, आयोडीन किंवा मध असलेली ड्रेसिंग वापरू नयेत, असेच म्हटले आहे.

उत्तर (परिचारिका, ड्रेसिंग विभाग, नाशिक)

डॉक्टरांशी मी सहमत आहे, परंतु चांदीचे ड्रेसिंग पूर्णपणे निरुपयोगी आहे असा समज होऊ नये. जुन्या जखमेवर जंतू सुटे नसतात. ते स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून थराने राहतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. म्हणून आधी मृत पेशी व कडेचा घट्टा काढून जखम स्वच्छ करावी लागते, आणि हे काम प्रशिक्षित हातांनीच व्हावे. त्यानंतर दुर्गंधी किंवा वाढलेला स्राव यांसारखी जंतूंचा भार वाढल्याची लक्षणे दिसत असतील, तर आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने चांदीचे ड्रेसिंग लावतो. ओलाव्याच्या संपर्कात सुटणारे चांदीचे आयन जंतूंची प्रथिने निकामी करतात. दोन आठवड्यांनी फेरतपासणी करून, जंतूंची लक्षणे ओसरली असतील तर साधे ड्रेसिंग सुरू करायचे. काहीच फरक नसेल तर तेच पुढे रेटण्याऐवजी कारण शोधायचे. काही नॅनोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म स्फटिकांच्या) चांदीची ड्रेसिंग सलाईनऐवजी निर्जंतुक पाण्याने भिजवावी लागतात, त्यामुळे वेष्टनावरील सूचना अवश्य वाचाव्यात.

रोज पोव्हिडोन आयोडीन आणि कोरडा गॉज हा क्रम मात्र डॉक्टरांना विचारून बदलावा, असे मी आग्रहाने सांगेन. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर दाखवून दिले की झाकलेली, ओलसर जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर नवी त्वचा धरते. कोरडा गॉज जखमेला चिकटतो आणि काढताना कोवळी त्वचाही ओढून काढतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांसाठी केळीच्या पानाचे निर्जंतुक ड्रेसिंग वापरले, त्यामागेही ते चिकटत नाही हा मोठा गुण होता. घरी मात्र ते करून पाहू नये. स्वयंपाकघरातील मधही लावू नये. तो निर्जंतुक नसतो आणि त्यात जंतूंची बीजे असू शकतात. वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

प्रतिसाद (गोदातीर)

माझ्या आईच्या घोट्यावर शिरांच्या दोषामुळे जुनी जखम होती आणि ती दाबपट्टीने भरून आली. इंग्लंडमध्ये अशा जखमांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही दाबपट्टीखालच्या चांदीच्या ड्रेसिंगने साध्या ड्रेसिंगपेक्षा अधिक जखमा भरल्याचे आढळले नाही. आपल्या वडिलांना दाबपट्टी आपण होऊन बांधू नये. रक्तपुरवठा कमी असेल तर तिने पाय धोक्यात येतो.

प्रश्नकर्ती (कोयनाकाठ)

मनःपूर्वक आभार. वडील प्लास्टरला तयार होतील असे वाटत नाही. त्याऐवजी जखमेवरचा भार कमी करणारा, काढता येणारा बूट चालेल का?

उत्तर (शल्यचिकित्सक, कोल्हापूर)

चालेल, परंतु तो घरातही, रात्री पाण्यासाठी उठतानाही घालावा लागेल. अनेक रुग्ण नेमके घरातच तो काढून ठेवतात. चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही, तर उपचार बदलण्याचा विचार करावा. त्याच्या आधी केव्हाही पाय लाल, गरम किंवा सुजलेला दिसला, ताप आला, साखर अचानक वाढली अथवा बोट काळे पडू लागले, तर ड्रेसिंगचा विचार न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.