अलिबाग-मुरूड दोन दिवसांत: कुलाबा किल्ला, जंजिरा आणि ओहोटीचं गणित

गिरगावची_मेधा
डिसेंबरात एक शनिवार-रविवार अलिबाग ते मुरूड करायचा विचार आहे. आम्ही दोघं, दोन मुलं (९ आणि १३ वर्षं) आणि सासूसासरे. दोघांनीही सत्तरी ओलांडलीय, सासूबाईंचे गुडघे दुखतात. गाडी नाही, गेटवेहून बोटीने जाणार. यादीत कुलाबा किल्ला, रेवदंडा, कोर्लई, काशिद आणि जंजिरा आहे. एवढं दोन दिवसांत बसेल का? कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर कोणी सकाळी जा म्हणतं, कोणी दुपारी. नक्की कधी? जंजिऱ्याच्या होडीत सासूबाईंना चढता-उतरता येईल का? तारीख अजून ठरलेली नाही.

दर्यासारंग
तारीख ठरलेली नाही हे बरं झालं. आधी तिथी बघा, मग बोटीचं तिकीट काढा. बहुतेक लोक उलटं करतात आणि मग किनाऱ्यावरूनच किल्ल्याचे फोटो काढून परत येतात.

सकाळ म्हणणारेही बरोबर आणि दुपार म्हणणारेही, कारण वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ४ × पाऊण = ३, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, सकाळी नऊच्या आसपास. पंचमीला पावणेदहा, षष्ठीला साडेदहा. शुक्ल असो वा वद्य, हिशेब तोच. वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, म्हणून शेवटी मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून खात्री करा.

आता खरी गोम. अष्टमीला ओहोटी बरोब्बर दुपारी बाराला येते, म्हणून ती सोयीची वाटते. पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी धड ओसरतच नाही. उलट पुनवेला-अवसेला उधाण, पाणी भरपूर आत जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. तुमच्यासाठी चतुर्थी-पंचमी हा मधला मार्ग. कोष्टकात वेळेसोबत पाण्याची उंचीही देतात, ती जरूर वाचा. १ मीटरच्या आत असेल तर निर्धास्त चाला. दीडच्या वर असेल तर पाण्यातून जायची तयारी ठेवा.

निघायचं ओहोटीच्या तास-सव्वा तास आधी, आणि ओहोटी उलटल्यावर तासाभरात किल्ला सोडायचा. भरती सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलते, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी भरतं. ‘अजून तर वाळू दिसतेय’ म्हणून रेंगाळणारे तिथेच अडकतात, कारण मधला खोलगट भाग आधी भरतो. किल्ल्याजवळच्या खडकांवर शेवाळ आणि कालवांच्या धारदार कवच्या असतात. साध्या स्लिपर चालत नाहीत, मागे पट्टा असलेली सँडल घाला.

आत तासभर पुरतो. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. बांधकाम १६८० साली शिवाजी महाराजांनी सुरू केलं. तटाचे मोठाले दगड चुन्याविना नुसते रचलेत, ते थांबून बघा. सिद्धिविनायकाचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. चाकाच्या गाड्यावरच्या दोन तोफा मात्र आंग्रेकालीन समजू नका, त्यांच्यावर १८४९ हे साल आणि इंग्लंडातल्या कारखान्याचं नाव आहे. चारी बाजूंना खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे, ती मुलांना दाखवा.

कोटकिल्ले
पाचही जागा बसणार नाहीत. माझ्या मते कोर्लई गाळा. दीपगृहापासून वर पायऱ्याच पायऱ्या आहेत आणि माथ्याच्या धारेवर सावली नाही. गुडघेदुखीवाल्यांना खाली बसवून ठेवण्यात काय मजा?

जंजिऱ्याचं स्पष्टच सांगतो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी मिळते. तिथे चढणं एकवेळ जमेल. अडचण किल्ल्याच्या दारात आहे. मोठी होडी थेट लागत नाही, लहान होडीत बदली करावी लागते आणि तिथून ओल्या पायऱ्यांवर पाय टाकायचा असतो. होडी वरखाली होत असते, त्यामुळे पाय उचलायला आणि टाकायला एक क्षणच मिळतो. सासूबाईंना नेऊ नका. आजोबांनी तिथे पोचल्यावर लाटा बघून ठरवावं.

जायचं तर सकाळी. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो आणि दाराशी लाटा आपटतात. होडीवाले आत साधारण पाऊण तासच देतात. तेवढ्यात पूर्ण तट फिरून होत नाही, म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी कलालबांगडी तोफ, मग गोड्या पाण्याचा तलाव, वेळ उरला तर बालेकिल्ला. पश्चिमेच्या तटावरून पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून महाराजांनी बांधलेला, तोही विसरू नका.

मागे राहणाऱ्यांसाठी रेवदंडा उत्तम. गाव कोटाच्या आतच वसलंय, रस्ता तटातूनच जातो, चढ नाही. पोर्तुगीजांचा सातखणी मनोरा नारळीच्या वाड्यांत उभा आहे. आणि वाटेत अक्षीला दोन मिनिटं उतराच. तिथे शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा मराठी शिलालेख आहे. शाळेत पहिला मराठी शिलालेख म्हणून श्रवणबेळगोळचा घोकलेला असतो, पण काही अभ्यासकांच्या मते हा त्याहून जुना. आपण नागावला जाताना त्याच्या बाजूने भुर्रकन निघून जातो.

एसटीप्रेमी
प्रवासाचं बघा. गेटवे ते मांडवा साधारण तासभर. मांडव्याहून अलिबागची बस बोटीच्या तिकिटातच धरलेली असते, म्हणून उतरल्यावर तिकीट फेकू नका. धरून चालू दोन तास. सकाळी नऊची ओहोटी गाठायची असेल तर अगदी पहिली बोट घ्या, नाहीतर शुक्रवारी रात्रीच अलिबागला मुक्काम करा. ज्येष्ठ आणि मुलं सोबत असताना दुसरा पर्याय बरा.

अलिबाग-मुरूड पन्नासेक किलोमीटर, एसटी रेवदंड्यावरून जाते, पावणेदोन-दोन तास. पण अक्षी, रेवदंडा, काशिद असं थांबत जायचं तर सहा जणांना दिवसाची गाडी ठरवलेली परवडते. मुक्काम मुरूडला ठेवा म्हणजे सकाळी राजपुरी जवळ. रविवारी मुरूडहून बारा-साडेबारापर्यंत निघा. परतीच्या बोटीची बस अलिबागहून बोटीच्या तासभर आधी सुटते आणि रविवारी संध्याकाळच्या बोटी आधीच भरतात.

रस्त्याने परतायचा मोह नको. अटल सेतूने वाचवलेला वेळ वडखळच्या कोंडीत जातो.

गिरगावची_मेधा
सगळ्यांचे आभार. कोर्लई रद्द. कुलाबा किल्ल्याला घोडागाडीने सासूबाई जाऊ शकतील का? आणि काशिदला मुलांना पाण्यात सोडावं का?

दर्यासारंग
घोडागाडी चालेल, गुडघाभर पाण्यातूनही जाते. जाऊन-येऊन किती पैसे आणि परत किती वाजता, हे बसायच्या आधी ठरवा. चढताना पाय उंच टाकावा लागतो, तिथे आधार द्या. दरवाज्यापाशी थोडं खडकावरून चालावं लागतंच.

काशिदला पोहू देऊ नका. वाळू पांढरी, दिसायला सुंदर, पण किनाऱ्याला उतार आहे. लाट परतताना पायाखालची वाळू ओढते आणि चार पावलांत पाणी कमरेवर येतं. तिथे बुडण्याच्या घटना होत असतात. मुलांना खेळवायचं तर नागाव. सपाट, घट्ट वाळू आहे, आणि ओहोटी लागायच्या आधी बाहेर काढा.