‘चॅपेल’ या शब्दाचे मूळ काय?

प्रश्न (आर्वी तालुका, वर्धा)
आमच्याकडील मिशन दवाखान्याच्या आवारात, औषधांच्या खिडकीला लागूनच, प्रार्थनेची एक लहान खोली आहे आणि तिच्या दारावर ‘चॅपेल’ असे रंगवलेले आहे. तालुक्याच्या गावातील इमारतीला मात्र सगळे चर्चच म्हणतात. हा फरक केवळ आकाराचा आहे काय? शाळेतील मुलांना नीट सांगता यावे, म्हणून जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर (दर्यापूर)
सर, हा शब्द एका झग्यावरून आला आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या रोमन सैनिकाने आजच्या फ्रान्समधील आमियां शहराच्या वेशीपाशी थंडीने काकडणारा उघडा भिकारी पाहिला आणि तलवारीने आपला झगा चिरून अर्धा त्याच्या अंगावर घातला, अशी कथा आहे. हेच मार्टिन पुढे तिथल्याच तूर शहरी बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रांताचे प्रमुख, झाले व ३९७ मध्ये वारले. त्यांचा म्हणून जपलेला झगा पुढे त्या प्रदेशावर राज्य करणारे फ्रँक लोकांचे राजे लढाईवर जाताना बरोबर नेत आणि त्यावर हात ठेवून शपथा घेववत. लॅटिनमध्ये झग्याला ‘काप्पा’ व लहान झग्याला ‘काप्पेल्ला’ म्हणत. तो ठेवण्याच्या जागेलाही तेच नाव पडले आणि कालांतराने कोणत्याही छोट्या प्रार्थनास्थळाला लागू झाले. झगा सांभाळणारे पुरोहित ते ‘काप्पेल्लानुस’, म्हणजेच आजचे चॅप्लिन, एखाद्या संस्थेत नेमलेले पाद्री. मला या शब्दाचे फार अप्रूप वाटते, कारण राजांनी मिरवलेल्या वस्तूच्या मुळाशी एका गरिबाला दिलेली ऊब आहे.

उत्तर (अचलपूर)
वरील माहितीला एक जोड देतो. फरक आकाराचा नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे चॅपेल सुमारे ८८ मीटर लांब आहे, तरी ते चॅपेलच, कारण ते एका महाविद्यालयाचे आहे. दवाखाना, तुरुंग, वसतिगृह अशा संस्थेच्या आश्रयाने असते ते साधारणपणे चॅपेल. एखाद्या वस्तीतील सर्व भाविकांसाठी असते ते चर्च. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट, बॅप्टिस्ट इत्यादी ख्रिस्ती पंथांची मंडळीही आपल्या प्रार्थनागृहाला चॅपेल म्हणत आली आहेत. नागपूरच्या ऑल सेंट्सला कॅथेड्रल म्हणतात, त्याचेही कारण मोठेपणा नव्हे. बिशपचे आसन जिथे असते ते कॅथेड्रल, आणि ‘कथेद्रा’ म्हणजे ग्रीक भाषेत आसन.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. दवाखान्यात खाटेखाटेशी जाऊन रुग्णांची विचारपूस करणाऱ्या पाद्रीबाबांना चॅप्लिन का म्हणतात, हेही यातून उलगडले. सोमवारी हे सारे वर्गात सांगतो.